मधोमध

डावं एलरॉन थरथरतंय.
स्टिकला हात नाही, वारा नाही,
मेल्टन मोब्रेच्या बाहेर, मेंढ्यांनी कुरतडलेल्या शेतात
रविवारचे साडेनऊ,
आणि माझं विमान घडीच्या टेबलावर उताणं.

डेस्मंड थर्लबी चष्मा कपाळावर सरकवतो.
"आधी गरिबाला धर," म्हणतो. म्हणजे बॅटरीला.
चार सेल. मीटर दाखवतं पाच पूर्णांक एक.
गरीब सुटला.

फळीवर बहात्तर नंबरचा चिमटा माझ्याच नावाचा,
म्हणजे दुसरं कुणी माझ्या लहरीवर बोलत नाहीये.
अँटेना कार्बनच्या नळीपासून लांब नेली,
वायरींना वेणीसारखा पीळ दिला,
फेराइटच्या कड्यातून तीनदा ओवल्या.
धातूवर धातू घासत होता तिथे नायलॉनची कडी आली.
थरथर जशीच्या तशी.
शेवटी प्लग उपटून रडरच्या जागी खोचला
आणि ती गेली त्याच्या मागोमाग,
मालकामागे कुत्रं जातं तशी.

म्हणजे सर्वोच.

चार स्क्रू. आत नखाएवढ्या दातेरी चकत्या, करडं ग्रीस,
तळाशी काळी वाटोळी पट्टी
आणि तिच्यावर फिरणारी पत्र्याची बारीक जीभ.
तिचं काम एकच, सांगत राहायचं:
मी इथे आहे. आता इथे. आता इथे.

डेस्मंड स्टिक पूर्ण डावीकडे नेतो. शांत.
पूर्ण उजवीकडे. शांत.
मधे सोडतो
आणि सुरू.

"बारा वर्षं सरळ उडालंय हे," तो म्हणतो,
"सरळ म्हणजे जीभ मधोमध.
कडेला जाते ती वळणापुरती.
मग झिजणार कुठे?"

मी भिंग धरलं.
पट्टीच्या बरोब्बर मधे एक फिकट खाच,
उंबऱ्याला पडते तशी.

सोमवार ते शुक्रवार लेस्टरच्या इस्पितळात
माझी खुर्ची दोन खुर्च्यांच्या मधे असते.
पेशंट म्हणतो, मला भीती वाटते.
मीही म्हणते, मला भीती वाटते, इंग्रजीत.
वाटून घ्यायची नसते, एवढंच.
डॉक्टर म्हणतात, मला खेद आहे.
तोही मीच व्यक्त करते, गुजरातीत, कधी हिंदीत,
वर्षातून दोनदा मराठीत, तेव्हा जास्त जड जातं.
एकोणीस वर्षं झाली.

हे मी डेस्मंडला सांगितलं नाही.
तो थर्मासच्या झाकणात चहा ओतत होता
आणि मेंढ्यांवर चिडला होता.

अल्कोहोलचा बोळा फिरवून पाहिला.
एक रविवार टिकलं. दुसऱ्या रविवारी
विमान उतरवताना पंख पुन्हा
थंडीत उभं राहिल्यासारखा.

नवा सर्वो अकरा पौंडांना आला.
जुना फेकवेना.
"दे इकडे," डेस्मंड म्हणाला,
आणि आपल्या मोठ्या विमानाच्या शेपटीत बसवला,
ग्लायडर ओढायची दोरी वर गेल्यावर सोडायला.
धरलेलं किंवा सोडलेलं. मधलं काही नाही.
तिथे तो इतका निवांत आहे
की बघितल्यावर थोडा रागच येतो.

सोमवारी, वॉर्ड पंधरा.
डॉक्टरीणबाई विचारतात,
दुखणं एक ते दहामध्ये किती?
मी विचारते.
मंछाबेन छताकडे बघतात, मग खिडकीकडे,
मग माझ्याकडे, जणू उत्तर माझ्याकडेच ठेवायला दिलं होतं.
"वच्चे," म्हणतात. "वच्चे क्यांक."

पाच म्हणणं सोपं होतं.
फॉर्मवर पाचाचा चौकोन होता.

मधे, मी म्हणते. मधे कुठेतरी.

डॉक्टरीणबाई पेन टेकवून थांबतात.
मीही थांबते.